गाठींसकट



जपानमधल्या क्योतो शहरात बांधून रंगवलेल्या कापडाचं एक संग्रहालय आहे. 2001 साली ते सुरू झालं. तिथे शिबोरी, म्हणजे आपल्या बांधणीची जपानी भावंडं, एवढाच विषय. दागिने नाहीत, तलवारी नाहीत, बुद्धमूर्ती नाहीत. रंगून, सुटून, सपाट झालेलं रेशीम तिथे आहेच. पण त्याच्यासोबत ते कापड सुटण्याआधी कसं होतं तेही दाखवतात. दोऱ्यांनी आवळलेला, काटेरी, मूळ आकाराच्या मानाने कितीतरी आक्रसलेला असा तो गोळा असतो. येणाऱ्याची इच्छा असेल तर त्याच्या हातात रेशमाचा तुकडा देऊन त्यालाच बांधायला आणि रंगवायला बसवतात. माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे: बांधणीचं अशा प्रकारचं संग्रहालय मुंबईच्या उपनगरात, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांपैकी कुठेतरी हवं, आणि ते बांधणी नेसणाऱ्यांसाठी, विकत घेणाऱ्यांसाठी हवं. कारागिराला ते काही शिकवणार नाही. शिकायची गरज आहे ती आपल्याला. या म्हणण्यावर चार-पाच आक्षेप सहज सुचतात, आणि त्यांतले एक-दोन भक्कम आहेत. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी ही कला इतर वस्त्रकलांपेक्षा कुठे वेगळी पडते ते पाहायला हवं, कारण माझा सगळा युक्तिवाद तिथून निघतो.

पैठणी विणताना जे काम होतं ते पैठणीत राहतं. पदरावरचा मोर उलटून पाहिला तर धागा कुठून कुठे गेला ते दिसतं. भरतकामाचं तसंच, टाका हाच अलंकार. बांधणीत मात्र केलेलं काम शेवटच्या क्षणी काढून टाकायचं असतं. पांढऱ्या कापडाची दोन किंवा चार पदरी घडी घालतात. तिच्यावर गेरूने नक्षीचे ठिपके उमटवतात. हा रंग पुढे धुऊन जाणारा असतो. मग कच्छमधल्या किंवा जामनगरमधल्या एखाद्या घरात एक बाई ती घडी मांडीवर घेते, करंगळीच्या वाढवलेल्या नखाने किंवा बोटात घातलेल्या टोकदार धातूच्या नखाने ठिपक्याखालचं कापड इवलंसं वर उचलते, त्याच्याभोवती दोऱ्याचे घट्ट वेढे देते आणि दोरा न तोडता पुढच्या ठिपक्याकडे जाते. एका ठिपक्याला भिंडी म्हणतात, चार भिंड्यांची एक कडी, आणि मजुरी कड्यांच्या हिशोबाने ठरते. पांढरे राहायचे ते ठिपके बांधून झाले की कापड पिवळ्या रंगात जातं. मग पिवळे राहायचे ठिपके बांधायचे आणि कापड लाल रंगात घालायचं. हवं असेल तर त्यानंतर पुन्हा बांधून काळ्यात किंवा गडद रंगात. रंगारी बहुधा खत्री समाजातला पुरुष; बांधणाऱ्या घरोघरच्या बाया, हिंदूही आणि मुसलमानही. बारीक कामाच्या एका साडीत गाठींची संख्या हजारोंनी मोजावी लागते. आणि हे सगळं झाल्यावर काय करायचं? कापड दोन्ही टोकांनी धरून ताणायचं. दोरे तटातट सुटतात आणि महिनोन्‌महिन्यांची मेहनत जमिनीवर दोऱ्यांचा ढीग होऊन पडते. कापडावर उरतो तो रंग जिथे पोहोचला नाही त्या जागांचा नकाशा. बांधणाऱ्या बाईने कापडावर काहीच चढवलेलं नसतं. तिने फक्त अडवलेलं असतं.

या अडवण्याच्या काही खुणा मागे राहतात, पण त्या वाचायला यावं लागतं. ताज्या बांधणीला चुण्या असतात, हात फिरवला तर ती खडबडीत लागते. ठिपक्याची कड किंचित फुटलेली असते आणि बऱ्याचदा ठिपक्याच्या मधोमध रंगाचा एक बिंदू असतो. कापड चार पदरी बांधलेलं असल्यामुळे नक्षी चार भागांत आरशासारखी उमटते, आणि बाईच्या हातून एखादी गाठ जराशी सरकली असेल तर ती चूकही साडीत चार ठिकाणी, त्याच जागी, दिसते. मला विचाराल तर बांधणीतली सर्वांत बोलकी गोष्ट ही आहे. छापील नकलेत चूक होतच नाही, आणि झाली तर छपाईच्या वळणाने होते, घडीच्या वळणाने होत नाही.

हे आज कुणाला दाखवलं जातं? जुन्या रिवाजात बाजारच हे काम करत असे. बांधणी गाठींसकट विकली जायची, निदान तिचा एक कोपरा तरी न सोडता ठेवलेला असायचा. गिऱ्हाइकासमोर कापड ताणलं की गाठी सुटत आणि खरेपणाची वेगळी ग्वाही लागत नसे. काही व्यापारी आजही हे पाळतात. पण आता बहुतेक साड्या इस्त्री करून, चुण्या मोडून, पारदर्शक पिशवीत येतात. चुण्या मोडणं म्हणजे उरलीसुरली खूणही पुसणं. शेजारच्याच कप्प्यात स्क्रीनवर छापलेली ‘बांधणी’ असते, आणि तिचे ठिपके खऱ्यापेक्षा नीटनेटके असतात. नवरात्रात बोरिवली-घाटकोपरच्या मैदानांवर दिसणाऱ्या ओढण्यांत छापील किती आणि बांधलेल्या किती, हे दहा फुटांवरून सांगता येणार नाही. रेशीम खरं की खोटं हे सांगणारा सिल्क मार्क आपल्याकडे 2004 पासून आहे. त्याने धागा कळतो, गाठ कळत नाही. शुद्ध रेशमावर शुद्ध छपाई केली तरी सिल्क मार्क खराच राहतो.

इथे थोडं मागे, आपल्याच राज्यात, अजिंठ्याला जाऊ. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या भित्तिचित्रांत काही आकृत्यांच्या अंगावर ठिपकेदार वस्त्रं आहेत आणि अभ्यासक ती बांधणीच्या सर्वांत जुन्या भारतीय पुराव्यांत धरतात. मला हा पुरावा मोलाचा वाटतो, पण त्याची मर्यादा त्याहून बोलकी वाटते. चित्रकाराने ठिपका रंगवला. तो ठिपका बांधून आला की ठशाने छापून, हे भिंत सांगू शकत नाही. आपण इतर पुराव्यांच्या आधाराने ते ठरवतो. आता याच्या शेजारी बाणभट्टाचं ‘हर्षचरित’ ठेवा. सातव्या शतकात हर्षाची बहीण राज्यश्री हिच्या लग्नघराचं वर्णन करताना बाण कापडांचीही नोंद घेतो, आणि तो नुसती ठिपकेदार वस्त्रं होती एवढंच म्हणत नाही. नक्षी करण्यात तरबेज अशा नगरातल्या वयस्कर बायका तिथे कापड बांधत आहेत, काही बांधून झालं आहे, काही रंगवलं जातं आहे, अशा सगळ्या अवस्था तो टिपतो. चित्रकाराने फळ दाखवलं, गद्यकाराने हात दाखवले. आपली संग्रहालयं आजवर अजिंठ्याच्या चित्रकारामागे गेली आहेत. काचेमागे साडी पसरलेली असते आणि खाली पाटी: बांधणी, रेशीम, कच्छ, एकोणिसावं शतक. त्या पाटीत एकही चूक नाही, आणि तरी पाहणारा जे न कळता आत आला ते न कळताच बाहेर जातो.

जपानकडे वळायचं ते एवढ्यासाठी की हा प्रश्न त्यांच्याकडेही आला आणि त्यांनी तो निराळ्या रीतीने हाताळला. बांधून रंगवणं तिथे जुनं आहे. नारा इथल्या शोसोइन या आठव्या शतकातल्या भांडारात तसलं कापड जपलेलं आहे. नागोयाजवळचं आरिमात्सु हे गाव 1608 साली तोकाइदो या राजमार्गावर वसलं आणि वाटसरूंना बांधून रंगवलेले पंचे विकून मोठं झालं. क्योतोचा डौल वेगळा: तिथलं कानोको हे रेशमावरच्या बारीक ठिपक्यांचं काम, आपल्या बांधणीच्या अगदी जवळचं. पूर्ण कानोकोच्या एका किमोनोत दीड-दोन लाख गाठी असतात आणि त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, असं सांगतात. 1683 साली शोगुनच्या सरकारने नागरिकांच्या उधळपट्टीवर निर्बंध घातले, त्यांत सर्वांगावर कानोको असलेली वस्त्रंही आली. मग लोकांनी काय केलं? साचा कापून त्यातून कानोकोसारखे ठिपके रंगवायची पद्धत फोफावली. तिला सुरी-हित्ता म्हणतात. म्हणजे छापील बांधणी ही काही आपल्या काळाची करणी नाही. तिकडे तिला तीनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. फरक इतकाच की तिकडे नकलेला स्वतःचं नाव मिळालं, तिचे स्वतःचे जाणकार झाले, आणि ती कानोको म्हणून विकायची गरज उरली नाही.

यातूनच एका आक्षेपाचं उत्तर मिळतं. कुणी म्हणेल की छापील ओढणीमुळे चाळीतल्या मुलीलाही लाल-पिवळे ठिपके मिरवता येतात. खऱ्या-खोट्याचा हा आग्रह श्रीमंतांचा आहे. छपाईला माझा विरोध नाही. ती स्वस्त आहे, सुबक आहे आणि तिच्यावरही माणसं पोट भरतात. विरोध आहे तो एका नावाखाली दोन गोष्टी विकण्याला. त्यात छापील ओढणी घेणारीचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते कड्यांवर मजुरी मिळणाऱ्या बाईचं, कारण तिच्या कामाचा भाव छपाईच्या भावाशी ताडून पाहिला जातो, आणि ताडणाऱ्याला दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसलेला नसतो.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. जपानात संग्रहालयं झाली, पण बांधणाऱ्या बाया वाचल्या का? प्रामाणिक उत्तर आहे: फारशा नाहीत. जपानने 1974 साली पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा केला; आरिमात्सु-नारुमीच्या शिबोरीला 1975 साली आणि क्योतोच्या कानोकोला 1976 साली त्याखाली मान्यता मिळाली. आरिमात्सुचं शिबोरी भवन 1984 मध्ये उभं राहिलं. पण युद्धोत्तर काळात मजुरी वाढत गेली तसं बांधायचं काम आधी कोरियात आणि मग चीनमध्ये जाऊ लागलं होतं. आरिमात्सुत शंभराच्या आसपास तंत्रं सांगितली जातात आणि एका घराने, एका हाताने एकच तंत्र जपायचं अशी तिथली रीत. तो हात थकला की तंत्रही थकतं. संग्रहालयं आली तेव्हा उशीर झाला होता. यावरून संग्रहालय निरुपयोगी असतं असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. निष्कर्ष वेळेबद्दलचा आहे. कच्छ-जामनगरमध्ये बांधणारे हात आजही मोठ्या संख्येने आहेत. बांधणाऱ्या भरपूर असतानाच गिऱ्हाईक शहाणं करण्याची संधी जपानने घेतली नाही. आपल्यापुढे ती अजून आहे.

मग असं संग्रहालय कच्छमध्येच का नको? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या बाजूने चांगलं उदाहरणही आहे. मुंबईत राहणाऱ्या चंदाबेन श्रॉफ यांनी 1969 च्या दुष्काळात कच्छमधल्या बायकांना भरतकामातून मिळकत मिळावी म्हणून ‘श्रुजन’ उभं केलं. त्यातूनच 2016 मध्ये भुजजवळ अजरखपूरला एक मोठं कलाकेंद्र आणि संग्रहालय झालं. तिथे येणारा पहिला मानकरी कारागीर असतो. आपल्या आजीच्या पिढीचं काम त्याला तिथे सापडतं. तसंच गुजरातमधल्या पाटणला साळवी कुटुंबाने 2014 मध्ये पटोळ्याचं संग्रहालय उघडलं. तिथे माग चालू असतो आणि धागा विणण्याआधी बांधून कसा रंगवतात ते समोर दिसतं. या दोन्ही संस्थांनी आपापल्या जागी राहणंच योग्य. पण त्या बनवणाऱ्यांच्या बाजूने उभ्या आहेत. भाव जिथे ठरतो ती जागा दुसरी असते. घाटकोपरच्या महात्मा गांधी रोडवर, मुलुंडच्या आणि बोरिवलीच्या बाजारपेठांत लग्नातली घरचोळा साडी पसंत केली जाते, मामाकडून येणाऱ्या पानेतर साडीचा कस पाहिला जातो, घासाघीस होते. या घासाघिशीत दुकानदार बोलतो, गिऱ्हाईक बोलतं. बांधणारी तिथे नसतेच. तिच्या बाजूने बोलेल असं काहीतरी त्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं. कच्छ एक्सप्रेस बोरिवलीला थांबते हे खरं, पण साडी घ्यायच्या आधी कुणी भुजला जाऊन गाठ पाहून येणार नाही.

आणखी एक कुजबुज मी गृहीत धरतो. मराठी व्याख्यानमालेत गुजराती साडीची वकिली कशाला? याला भावनिक उत्तर देणं सोपं आहे, म्हणून ते टाळतो. 1 नोव्हेंबर 1956 ते 1 मे 1960 या साडेतीन वर्षांत अजिंठा, जालना, पाटण, जामनगर आणि भुज ही सगळी एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी मुंबई होती. जालन्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पाटणचे साळवी बाराव्या शतकात कुमारपाल राजाने जालन्याहून नेले अशी परंपरा खुद्द पाटणलाच सांगितली जाते. ती अक्षरशः खरी धरू नका. पण कारागिरांच्या वाटा राज्यांच्या सीमा ठरण्याच्या कितीतरी आधी पडलेल्या होत्या, एवढं तिच्यातून नक्की दिसतं. आणि आजचं सांगायचं तर उपनगरातल्या किती मराठी कपाटांत एखादी बांधणी आहे याचा अंदाज समोर बसलेल्या प्रत्येकाला आहे. नेसताना आपण परकेपणा मानत नाही. मग समजून घेतानाच तो आडवा का यावा?

राहिला जागेचा आणि पैशाचा प्रश्न. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे 31 लाख माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात 93 लाखांहून अधिक. भायखळ्याचं आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुलं झालं, काळा घोड्याजवळचं मोठं संग्रहालय 1922 साली. दीडशे वर्षांत माणसं उत्तरेला सरकली आणि संग्रहालयं दक्षिणेलाच राहिली. जमिनीचे भाव पाहता उपनगरात त्यांच्या तोडीची इमारत कुणी बांधेल अशी आशा मी करत नाही. बांधणीला तिची गरजही नाही. दोन खोल्या पुरतील. एका खोलीत एकच साडी तिच्या सगळ्या अवस्थांत: गेरूचे ठिपके उमटलेली, पांढऱ्यासाठी बांधलेली, पिवळी होऊन पुन्हा बांधलेली, लाल होऊन गाठींसकट, आणि शेवटी सुटलेली. दुसऱ्या खोलीत चांगल्या प्रकाशात खरी आणि छापील शेजारी शेजारी, हात लावायच्या परवानगीसह. जुन्या वस्तूंच्या जतनाच्या जाणकारांची हरकत इथे येईल: दोऱ्यांनी आवळलेलं कापड वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर घड्यांवर ताण येऊन ते कमकुवत होतं. हरकत बरोबर आहे आणि तिच्यातच सोय दडलेली आहे. गाठींसकट ठेवलेले नमुने कायमचे ठेवायचेच नाहीत. दरवर्षी नवे बांधून घ्यायचे, जुने लोकांसमोर सोडायचे. त्यामुळे संग्रहालय हे एक नियमित गिऱ्हाईकही होतं, आणि इतरांपेक्षा बरं गिऱ्हाईक, कारण त्याला काय बांधलं आहे ते कळतं.

पाटीचं काय करायचं, यावर मी जास्त आग्रही आहे. जुन्या साड्यांच्या बाबतीत बांधणारीचं नाव मिळणार नाही. एका साडीवर अनेकींचे हात चाललेले असू शकतात. पण दरवर्षी बांधून घेतलेल्या नमुन्यांच्या बाबतीत ही अडचण नाही. पाटीवर गाव, शतक आणि कापडाची जात यांच्याबरोबर, तिची संमती असेल तर बांधणारीचं नाव, कड्यांची संख्या, लागलेले दिवस आणि तिला मिळालेली मजुरी हे चार आकडे-तपशील लिहावेत. आणि त्याखाली, त्याच अक्षरांत, तशा साडीची दुकानातली किंमत. काहींना हे संग्रहालयाच्या अदबीला न शोभणारं वाटेल. चित्राखाली चित्रकाराचं नाव आणि लिलावाखाली बोलीचा आकडा छापताना मात्र ही अदब कधी आडवी येत नाही.

शेवटचा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि तोच व्यवहारात निर्णायक ठरेल. अशा संग्रहालयाला पैसा देऊ शकतील ते बहुधा साडीचे व्यापारीच, आणि ज्यांच्या दुकानात खरी व छापील एकाच नावाने खपते त्यांनी स्वतःच्या खर्चाने गिऱ्हाइकाला शहाणं का करावं? सोन्याचा दाखला इथे उपयोगी पडतो. हॉलमार्क 2000 साली ऐच्छिक म्हणून आला. सक्तीचा व्हायला 2021 उजाडलं. मधल्या एकवीस वर्षांत ज्या सराफांनी तो आपणहून घेतला त्यांनी तो जाहिरातीत मिरवला. बांधणीचा खरा माल ठेवणारे व्यापारी आजही आपल्या बाजारपेठांत आहेत आणि छापील मालाशी भावात टक्कर देताना त्यांचीही दमछाक होते. सुरुवात त्यांच्यापासून होऊ शकते. सगळा बाजार राजी होईपर्यंत थांबायचं कारण नाही. दहा दुकानांनी मिळून दोन खोल्यांचं भाडं उचललं, सुटायच्या आधीचा एक तुकडा आपापल्या काउंटरवर ठेवला, आणि छापील कप्प्यावर ‘छापील’ अशी साधी चिठ्ठी लावली, तरी कामाला हात लागला असं मी म्हणेन. त्या दहांतलं पहिलं दुकान कोणतं, हे ठरवण्याची ताकद आज या सभागृहात बसलेल्या गिऱ्हाइकांकडे आहे; पुढच्या लग्नसराईत साडी बघताना गाठीचा कोपरा मागून पाहा आणि दुकानदार काय उत्तर देतो ते ऐका.